'बदली' रद्द होऊन मुलीचे नाव हजेरीपटावर परत घेणेबाबत

दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. सोजरबाई वाणिज्य व व्यवस्थापन महाविद्यालय,
चाकण, ता. खेड, जि. पुणे.

अर्जदार: रोहिदास हिंदुराव कोरके, प्रेस ऑपरेटर, रा. मोशी.

विषय: कु. स्वरूपा रोहिदास कोरके (बीबीए, तृतीय वर्ष) हिला गैरसमजातून दिलेला कॉलेज सोडल्याचा दाखला रद्द करून परीक्षेचा फॉर्म भरू देणेबाबत.

संदर्भ: माझा मागील महिन्यातील अर्ज, ज्यात 'बदली' हा शब्द आला होता.

महोदय,

हा माझा आपल्याकडे दुसरा अर्ज. पहिला मी लिहिला म्हणूनच हा लिहावा लागत आहे.

१. मी चाकणच्या एका कारखान्यात पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेसवर काम करतो. मूळ गाव बार्शीकडे. माझी मुलगी स्वरूपा आपल्याकडे बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचबरोबर सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा देत आहे. कॉलेज चाकणला, क्लास चिंचवडला, आणि मध्ये नाशिक रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी आपणांस काही सांगावे असे नाही. आपली गाडीही मी तिथे कोंडीत उभी पाहिली आहे. क्लास वेळेवर गाठायचा तर कॉलेजचे शेवटचे दोन तास सोडावे लागतात, आणि ते दोन तास बसायचे तर क्लास निम्मा संपलेला असतो. त्यात माझी पत्नी सुभद्रा आजारी होती आणि आषाढात ती वारली. त्या काळात स्वरूपा दोन्हीकडे गेली नाही. त्यामुळे तिची हजेरी कमी भरली व आपल्या कार्यालयाची नोटीस आली. नोटीस योग्यच होती. तिच्याबद्दल तक्रार नाही.

२. दोन्हींपैकी एक सोडून द्या, असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. आपल्या कार्यालयातील निरंजन साहेबांनीही दिला. म्हणून मी स्वरूपाला विचारले. ती म्हणाली, "पप्पा, सीएमए झाले तर बीबीए कुणी विचारणार नाही. आणि नाही झाले तर बीबीएच विचारतील." तिची आई असती तर तिला यावर उत्तर सुचले असते. पहिल्या वर्षी स्वरूपा दोन्ही अभ्यासांना कंटाळून रडायला लागली, तेव्हा सुभद्रा तिला म्हणाली होती, "तुझा बाप दिवाळीला दोन दोन पाळ्या करायचा, तेसुद्धा उभ्याने. तुला तर बसून करायचंय." हे मुलीने मनावर घेतले आहे. आता ते काढणारे घरात कोणी नाही.

३. म्हणून मी पहिला अर्ज केला. आमच्या कंपनीत एखादा गडी आला नाही तर मशीन बंद राहत नाही. बदली कामगार येतो, त्याच मशीनवर उभा राहतो आणि माल निघतो. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. माझी कायम दुसरी पाळी असते, सकाळ मोकळी असते आणि कॉलेजपासून कंपनी जवळ आहे. तेव्हा मुलीच्या शेवटच्या दोन तासांना मी बदली म्हणून बसेन, टिपणे घेईन आणि घरी नेऊन देईन, असे मनात होते. ते मी सविस्तर लिहायला हवे होते. मी लिहिले, "तरी माझ्या मुलीची बदली मंजूर करावी ही विनंती." एवढेच.

कंपनीत दिलेला अर्ज परत आला नाही तर तो मंजूर समजतात. आपल्याकडूनही अर्ज परत आला नाही. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डायरी घेऊन वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. प्राजक्ता मॅडम मला तपासणी समितीचा माणूस समजल्या. त्यांनी तो तास फार मन लावून घेतला. मुलेही गप्प बसली. असा तास वर्षभरात झाला नव्हता, असे मुले अजून म्हणतात. तास संपल्यावर शिपायाने मला चहा आणून दिला. तो मी घेतला, कारण बदली कामगारालाही चहा असतो. तरी त्याबद्दल दिलगीर आहे.

त्या दिवशी मॅडम शिकवत होत्या की एक गोष्ट निवडली की जी सोडली तिचीही किंमत धरावी लागते. मी ते लिहून घेतले. घरी स्वरूपाने टिपण तपासले आणि "टॉलरन्समध्ये आहे" असा शेरा दिला. टॉलरन्स म्हणजे मापातला जेवढा फरक चालवून घेतात तेवढा. हा आमच्या प्रेसवरचा शब्द. हल्ली भाकरी मी करतो. ती तव्यावर मोडली की मुलगी हाच शेरा देते आणि खाते.

४. पुढे कार्यालयातून निरोप आला की दाखला तयार आहे, घेऊन जा. मी खिडकीवर गेलो. निरंजन साहेब म्हणाले, "काका, तुम्हीच बदली मागितली ना? ही घ्या. दुसऱ्याला महिना लागतो, तुमचं घरचं कळलं म्हणून लगेच केलं." मी म्हणालो, "साहेब, बदली म्हणजे मी." ते म्हणाले, "तुमची कशी होणार? तुम्ही तर ॲडमिशनच घेतलेलं नाही." त्यांनी ते चांगल्या मनाने केले होते, म्हणून मला रागही धरता येईना. मी दाखला न दुमडता पिशवीत ठेवला.

तेव्हापासून पुढीलप्रमाणे झाले आहे. स्वरूपाचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. ग्रंथालयाने पुस्तके जमा करून घेतली. ओळखपत्रही गेले, त्यामुळे गेटवरचे सुरक्षारक्षक तिला आत सोडत नाहीत. मी चौकशीला गेलो की मला मात्र सलाम करून सोडतात, कारण त्यांच्या लेखी मी अजून समितीचा आहे. म्हणजे जिचे कॉलेज ती बाहेर आणि बदली आत. दाखला निघण्याआधी झालेल्या चाचणीत 'बदली कामगार म्हणजे काय' असा एक प्रश्न होता. तिने तो बरोबर लिहिला आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. पण पटावर नाव नसल्याने ते गुण कुठे भरायचे हे मॅडमना कळत नाही.

ही गंमत म्हणून सोडून दिली असती. पण परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत येत्या शनिवारी संपते. पटावर नाव नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर तीन वर्षांची पदवी शेवटच्या वर्षाला अडली. डिसेंबरात तिची सीएमएची परीक्षाही आहे. सध्या ती पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही.

५. आणखी एक बाब आहे. दाखल्यावर कॉलेज सोडण्याचे कारण या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले आहे. आपण म्हणाल, एवढ्या ओळीचे काय. सुभद्राला दवाखान्यातून आणले तेव्हा त्यांच्याही कागदावर असेच होते, 'नातेवाइकांच्या विनंतीवरून घरी सोडले.' डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले, मी बरे म्हणालो, त्यांनी लिहिले आणि मी सही केली. ती घरी आली आणि घरीच गेली. तिथे सही केली कारण करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. इथे अजून उरलेले आहे. माझ्या विनंतीवरून घरातल्या दुसऱ्या माणसाचे नाव कमी झाले, असे मला कागदावर राहू द्यायचे नाही.

६. चिंचवडच्या क्लासने आता स्वरूपाला संध्याकाळची बॅच दिली आहे. त्यामुळे ती आपले सर्व तास स्वतः बसेल आणि बदलीची गरज उरलेली नाही. तरी माझे मागणे असे:

अ) दाखला रद्द करून तिचे नाव शनिवारच्या आत पटावर घ्यावे व फॉर्म भरू द्यावा.

आ) आईच्या आजारपणातील गैरहजेरी माफ करावी. तेव्हा मुलगी आईजवळ दवाखान्यात होती. तिथेही ती पुस्तक घेऊन बसायची, आणि आई तिला पान उलटायची आठवण करून द्यायची.

इ) 'पालकांच्या विनंतीवरून' ही ओळ आपल्या दप्तरातील प्रतीवरूनही खोडावी. यास वेळ लागला तरी चालेल, पण खोडावी.

ई) हे मागणे नियमात बसत नसल्यास सोडून द्यावे. त्यामुळे वरची तीन अडू नयेत. दुसऱ्या पाळीच्या माणसाची सकाळ घरी जाते. आमच्या घरी ती वेळ आम्हा दोघांची होती. मुलगी कॉलेजला गेली की सुभद्रा माझा डबा भरता भरता दिवसभराचे बोलून घ्यायची, आणि मी पेपर वाचत हूं हूं करायचो. आता पेपर लवकर वाचून होतो. प्राजक्ता मॅडमच्या वर्गातील शेवटचा बाक रिकामा राहत असेल, तर एखाद्या सकाळी मला तिथे बसू द्यावे. हजेरी कोणाचीही धरू नये. चहा नको.

आपला, यापुढे शब्द बघून वापरणारा,

(सही)
रोहिदास हिंदुराव कोरके
कु. स्वरूपाचे वडील

सोबत:
१. कॉलेज सोडल्याचा दाखला, मूळ प्रत, न दुमडलेली.
२. संध्याकाळच्या बॅचबाबत क्लासचे पत्र.
३. दवाखान्याचे कागद. पाहून परत द्यावेत.
४. वर्गात घेतलेले टिपण, दोन पाने. मुलीने तपासलेले आहे.