सहाव्या दिवसाची गावकी

आश्विन वद्य, सन १९४५

प्रिय सखा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. कर्जतच्या शाळेत तू ओटीवर बसायचास आणि मी आत खिडकीशी, तेव्हापासून माझा सावकाशपणा तुला ठाऊक आहे. येसू, तुझी वहिनी, जाऊन पाच महिने झाले. मी भिवपुरीला पॉवर हाऊसवर पुन्हा हजेऱ्या लिहायला जातो. घरी आलो की चूल मीच पेटवतो. भात अजून जमत नाही. येसूचं एक लुगडं दांडीवर आहे, ते काढलेलं नाही.

वैशाखातली हकिगत तू मुंबईत लोकांकडून ऐकलीस, माझ्याकडून नाही. येसूला पटकी झाली तेव्हा तिचा सख्खा भाऊ अंगणातूनच परत गेला. तुझी आई, आमची सोमीआई, मात्र न बोलावता मागच्या दाराने आली आणि दोन दिवस तिने येसूचं सगळं केलं. मी संकोचाने काही बोलू लागलो तर म्हणाली, "वाल्मिका, गप रं. घानीला जात अस्ते काय? जा, पानी तापव." येसू गेली तेव्हा तिचं डोकं सोमीआईच्या मांडीवर होतं. हे मी गावात कोणाला सांगितलं नाही.

महारवाड्यातली माणसं तेव्हा ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पीत होती आणि तिथे रोज कोणीतरी आजारी पडत होतं. सरकारी डॉक्टर सांगून गेला, यांना विहिरीचं पाणी द्या, नाहीतर वाडा उरणार नाही. कोंडाजी सुताराने तो विषय धरून ठेवला. म्हणून येसू गेल्यावर सहाव्या दिवशी गावकी बसायची ठरली. पटकी हटेपर्यंत वाड्याला गावची विहीर मोकळी करायची की नाही, घरटी एक हात.

आदल्या दिवशी आबाजी आला. देवीचा मान त्याच्या घरात आहे, गाव त्याचं ऐकतं. सुतकाचं घर म्हणून अंगणातच उभा राहिला. आवाज चढवला नाही. "पाच दिसांनी येसूचा दहावा हाय ना रं? पिंडाला चार मानसं लागतात. विहीर बाटवनाऱ्याच्या दारात कोन येईल? तुलाच इचारतो."

येसूचा जीव अडकून राहील, ही भीती खरी होती. तू हसशील, पण माझ्या बापाच्या दहाव्याला कावळा उशिरा शिवला, तर आई तो दिवसभर उपाशी बसली होती. आणि दुसरीकडे तुझी आई त्याच डबक्यावर घागर घेऊन जात होती. पाणी दिलेलंच देवीला आवडेल हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण दहाव्याला माणसं पाठवणं आबाजीच्या हातात होतं.

गावात सदतीस घरं. अठरा हात वर झाले, अठरा खाली राहिले. सारखे पडले, म्हणून होतं तेच चालू राहिलं. गावकीनंतर तिसऱ्या दिवशी सोमीआई पटकीनेच गेली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी येसूचा दहावा होता. सगळा गाव आला. पिंड ठेवताच कावळा शिवला. आबाजी म्हणाला, "भाग्याची बाई."

तू लिहिलं आहेस की सुतकामुळे मला देवळात जाता आलं नाही, नाहीतर एक हात वाढला असता, आणि शेवटी आईही हेच म्हणत होती असं वाड्यातल्यांनी तुला सांगितलं. दिवाळीला येशील तेव्हा आधी माझ्याकडे उतरणार, असंही लिहिलं आहेस. सखा, गावकी देवळात बसलीच नव्हती. मला येता यावं म्हणून कोंडाजीने भांडून ती बाहेर उंबराखाली बसवली. तो मला न्यायला दाराशी आला. "चल रं, बोलू नको, नुस्ता हात वर कर." मी आतूनच म्हटलं, मला सुतक आहे. तो परत गेला. उंबर माझ्या दारातून दिसतो. अठरा-अठरा झाल्यावर कोंडाजीने मान वळवून माझ्या घराकडे पाहिलं. तेव्हा मी दार लावून घेतलं. हे माहीत नसताना तू माझ्या घरचं पाणी पिऊ नयेस, म्हणून लिहिलं.

तुझाच, तसं म्हणवून घेण्याजोगा उरलो असेन तर,
वाल्मिक