उलटा टांगलेला फोटो

डोंबिवली,
बुधवार, ता. १२ मे १९५४

प्रिय सुमेधा,

तुला पत्र लिहायची ही माझी चौथी खेप. आधीची तीन पत्रं तुझ्या आईने वाचली आणि निकालात काढली. पहिल्यात म्हणे नुसता उपदेश होता, दुसऱ्यात प्राणायाम होता, आणि तिसऱ्यात ‘सकाळी उठल्यावर कोमट पाणी घेत जा’ याच्यापुढे माझी गाडी सरकलीच नव्हती. मुलगी रुसून बारा दिवस माझ्या नणंदेकडे जाऊन बसलीय आणि हे तिला पाण्याचं माप कळवताहेत, असं म्हणून तिने तो कागद सरळ चुलीत घातला. म्हणून हे पत्र मी घरी लिहीत नाही. आपल्या योगासनांच्या वर्गाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सतरंज्यांच्या ढिगावर बसून लिहितोय. इथे ती येत नाही. पत्र्याने डोकं तापतं म्हणते, आणि खरं आहे ते.

ठाण्याचे लोक तुला बघून गेले, पसंती कळवली, ज्येष्ठातला मुहूर्त निघाला. आणि मुहूर्त निघाला त्याच दुपारी तू पिशवी भरलीस आणि कल्याणला आत्याकडे निघून गेलीस. जाताना उंबऱ्यात एवढंच म्हणालीस, ‘अण्णा, हे लग्न मला करायचं नाही, आणि का ते तुम्हाला ठाऊक आहे.’ मला ठाऊक आहे, सुमे. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. शेजारच्या घरी वाटी मागायला गेलो तरी आधी हवापाण्याबद्दल बोलतो. तेव्हा तुझ्या लग्नाकडे मी येतोच, पण आधी फोटोचं ऐक.

वर्गात गणपतीच्या तसबिरीशेजारी माझा शीर्षासनातला फोटो आहे ना, तो बघून लोक वर्गात नाव घालतात. अंगावर लंगोट आणि जानवं, हात डोक्यामागे गुंफलेले, चेहऱ्यावर समाधीचा भाव. तर गोष्ट अशी आहे की मला शीर्षासन येत नाही. कधीच आलं नाही. गुरुजींकडे तीन महिने शिकायला होतो, त्यातले अडीच महिने शीर्षासनातून खाली पडण्यात गेले. एकदा भिंतीच्या आधाराने पाय वर गेले, तर गुरुजींच्या वडिलांची तसबीर खाली आली. शेवटी मानेत उसण भरली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा हा उद्योग केलात तर मी येणार नाही, सरळ चार माणसंच बोलवा. पण सत्तेचाळीस साली मला वर्ग काढायचा होता. नुसत्या पवनमुक्तासनावर कोण येणार? तेव्हा ठाण्यात फोटोचं दुकान असलेला माझा शाळेतला दोस्त आनंदा म्हणाला, गोप्या, डोक्यावर तू उभा राहायची काही गरज नाही, फोटो राहील. मग त्याने मला चांगला पायावर उभा केला, पाठीमागे पांढरी चादर सोडली, डोक्यावर घडी घातलेली सतरंजी ठेवली, कोपरं वर उचलायला लावली आणि चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. फोटो काढला, पायांखालचा भाग कापला आणि चौकटीत उलटा बसवला. बघितलं तर सतरंजीवर डोकं टेकून मी ताडासारखा उभा! इतकं सुंदर शीर्षासन मी गुरुजींचंही पाहिलं नव्हतं.

सात वर्षं तो फोटो तिथे आहे. या गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी तो रोज पाहिला. निवृत्त पोस्टमास्तर मारुतीराव, ज्यांना पाकिटावरचं तिकीट तिरकं लागलेलंही खपत नाही, त्यांनी पाहिला. कुणाला काही खटकलं नाही. खटकलं ते धाकूला. कोपर गावचा धाकू तुला आठवत असेल, शेडच्या मालकाच्या म्हशीला गवताचे भारे आणतो तो. भारा टाकला की तो दाराशी उकिडवा बसून आमचा वर्ग बघतो, फुकटची करमणूक म्हणून. गेल्या गुरुवारी मी ऐन रंगात येऊन सांगत होतो की शरीर खोटं बोलत नाही, आणि धाकू फोटोकडे बोट करून म्हणाला, ‘मास्तर, तुमी उलटे झाले, मंग पोट कनाला नाय उलटला? ना जानवा आभालान चाललाय क?’

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. मीही वळलो, कारण खरं सांगतो, सात वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. उलट्या माणसाचं पोट छातीकडे यायला हवं, माझं होतं ते मांड्यांकडे ओघळलेलं. जानवं गळ्याशी गोळा व्हायला हवं, ते कमरेपाशी वरच्या वर ताठ. धाकूच्या गळ्यात जानवं नाही, म्हणून त्याला जानव्याचं वजन दिसलं. आम्हा जन्मभर घालणाऱ्यांना दिसलं नाही. मी म्हणालो, आजचा वर्ग संपला. आणि सकाळी साडेसहाला सुरू झालेला वर्ग सहा चाळीसला संपवून मी घरी आलो. तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, फोटो घरी आणलात त्याच दिवशी मला कळलं होतं. मग बोलली का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात!

दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही अशी माझी खात्री होती. गेलो ते फक्त सतरंज्या गोळा करायला. तर झाडून सगळे हजर. दाराशी धाकू, आणि त्याच्याबरोबर कोपरची आणखी दोन माणसं, ती खास फोटो बघायला आलेली. मी घसा खाकरला आणि म्हटलं, मंडळी, मला शीर्षासन येत नाही. तो माणूस पायावर उभा आहे. सांगून झालं आणि मी खाली बसलो. मग मारुतीराव उठले. म्हणाले, मास्तर, आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. माझं पद्मासन पाच वर्षं खोटं आहे. मी एक पाय मांडीवर घेतो आणि दुसरा धोतराखाली सरळ सोडून देतो. कुणी म्हणालं, आम्ही श्वास मनात मोजताना आकडे गाळतो. बायकांच्या बाजूला गोणपाटाचा पडदा आहे, त्याच्या पलीकडून गोदूबाईंचा आवाज आला की मी शवासनात ध्यान करत नाही हो, झोपते. यावर सगळे एकदम म्हणाले, ते आम्हाला ऐकू येतं. सुमे, त्या शेडमध्ये इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यानंतर जो वर्ग झाला तसा सात वर्षांत झाला नाही. मारुतीराव साधी मांडी घालून बसले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मीही पोट आत ओढून धरायचं सोडून दिलं. श्वास खरोखर पोटापर्यंत जातो असं मी लोकांना रोज सांगत आलो, तो माझा स्वतःचा त्या दिवशी गेला.

तेव्हापासून मी वर्गात फार बोलत नाही. एवढंच सांगतो की सकाळी उठल्यावर जे गुडघे मिळतील, जी पाठ मिळेल, त्यांच्यावरच भागवायचं. शेजाऱ्याची पाठ मागायला जायचं नाही. वाकता येईल तेवढं वाका, आणि येत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. लोकांना हे पटतं. मारुतीराव तर म्हणाले की मास्तर, तुम्ही आता खरे गुरू झालात. मी छाती काढून घरी आलो. आणि घरी कोनाड्यात तेलाची बाटली होती.

ती बाटली ठाण्याहून आलीय. मुलाच्या आईने सोमवारी माणसाबरोबर पाठवली. बरोबर चिठ्ठी: ‘सुमेधाच्या ठेचेला हे तेल रोज चोळावे. आमच्या गुरुदत्तालाही याचाच गुण आला होता.’ तुझ्या आईने चिठ्ठी मला मोठ्याने वाचायला लावली. मग बाटली उघडून माझ्या मानेला तेल चोळलं, आणि चोळताना एक अक्षर बोलली नाही. अगं, ती बोलते तेव्हा मला कमी भीती वाटते.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. मुलीने पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचं, ही रीत. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की तू आधीच येऊन बसायचंस आणि बशा आईने आणायच्या. पाहुणे आले तेव्हा तू पातळ नीट पसरून बसलेली होतीस. सगळं छान चाललं होतं. गुरुदत्ताने तुला काय वाचतेस विचारलं, तू सांगितलंस, तो हसला, तूही हसलीस. मग त्याची आई म्हणाली, मुलीला जरा चालून दाखवू दे. तू उठायला लागली होतीस, सुमे. मी पाहिलं, तुझा हात भिंतीकडे गेला होता, तू उठणारच होतीस. आणि मी म्हणालो, राहू दे, कालच उंबऱ्याला ठेच लागलीय, डॉक्टरांनी चार दिवस चालू नको म्हणून सांगितलंय. एवढं सफाईदार खोटं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पोह्यांवर लिंबू पिळत बसलो. तू दोन वर्षांची असताना ताप आला आणि तुझा डावा पाय त्यात राहिला, त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. ती अठरा वर्षं मी चार दिवसांची ठेच करून टाकली. आणि पाहुणे जाईपर्यंत तू तशीच बसून राहिलीस.

तू लंगडतेस. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. घरात आम्ही ‘सुमीचा पाय’ एवढंच म्हणायचो, तेही हळू. तू मात्र कधी हळू म्हणाली नाहीस. तेरा वर्षांची होतीस तेव्हा मी या शेडमध्ये चोरून शीर्षासनाचा सराव करून नेहमीप्रमाणे पडलो होतो, आणि तू माझ्या शेजारी येऊन, कुणी न शिकवता, डोक्यावर उभी राहिलीस. सरळ. मला म्हणालीस, अण्णा, बघा, असं उभं राहिलं की माझे दोन्ही पाय सारखे! मी तुला उचलून खाली घेतलं आणि बजावलं की कुणाला सांगू नकोस. तुला वाटलं असेल, पडशील म्हणून. तसं नव्हतं. वर्गातल्या माणसांना कळलं असतं की मास्तरांना जे येत नाही ते त्यांच्या ‘त्या’ मुलीला येतं, याची मला लाज वाटली. त्यातल्या ‘त्या’ची जास्त लाज वाटली. हे दोनदा खोडून लिहिलंय, अक्षर वाचता आलं नाही तर आत्याकडून वाचून घे. नको, आत्याकडून नको, तूच वाच.

हे पत्र ज्यासाठी लिहितोय ते आता लिहितो. ठाण्याला खारकर आळीत गुरुदत्ताच्या घरी मी कळवलंय की रविवारी येतो. कशासाठी ते कळवलं नाही. ठेच वगैरे काही लागली नव्हती, मी खोटं बोललो, हे मी त्यांच्या ओट्यावर उभा राहून सांगणार आहे. तू आली नाहीस तरी सांगणार आहे, कारण खोटं माझं होतं. लग्न मोडलं तर मोडू दे. आणि त्यांनी हो म्हटलं, तरी करायचं की नाही हे तू ठरवायचं. मी त्यात बोलणार नाही, आईलाही बोलू देणार नाही, निदान प्रयत्न करीन. पण मला वाटतं तू यावंस. लग्नाआधी मुलीने सासरच्या घरी जायची रीत नाही, हे आत्या तुला दहा वेळा सांगेल. सांगू दे. सकाळी नऊला मी कल्याणला येतो, गाडीने आपण ठाण्याला उतरू. स्टेशनबाहेर टांगेवाले हाका मारतील, मी टांगा करणार नाही. जांभळी नाक्यावरून, भर बाजारातून, आपण चालत जाऊ. सुमे, तू लहान होतीस तेव्हापासून रस्त्यात मी तुझ्या चार पावलं पुढे चालत आलोय. तुला वाटायचं अण्णांना घाई असते. मला कधीच कसलीही घाई नव्हती. ती लंगडी मुलगी माझ्याबरोबर आहे असं लोकांना दिसू नये, म्हणून मी पुढे चालायचो. रविवारी मी तुझ्या शेजारून चालणार आहे, तुझा हात धरून, आणि तू जितकं हळू चालशील तितकंच हळू. माझ्याबरोबर येशील का?

तुझाच,
अण्णा