पडद्यावरची ओळ

पनवेल,
सोमवार, ११ ऑगस्ट १९५८

प्रिय रिबू,

तार मिळालीच असेल. आई काल पहाटे गेली. तारेत तेवढंच होतं, ‘ये’ असं नव्हतं, आणि ते तुझ्या लक्षात आल्यावाचून राहिलं नसेल. मजकूर बाबांनीच लिहून दिला होता. मी एक शब्द वाढवायला गेले तर म्हणाले, “पुरे.” तुझं लग्न झाल्यापासून त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही, पण निदान काल तरी! मला इतका संताप आला म्हणून सांगू. आज तो उरलेला नाही. का, ते क्रमानंच सांगू दे, नाहीतर माझा हात पुढे चालायचा नाही.

आजारी आईसाठी तू तुमच्या ख्रिस्ती मिशनमधला, मोशेच्या निवासमंडपाच्या चित्रांचा तक्ता पाठवलास. शहाणे, पाठवण्याआधी विचार तरी करायचास! सोन्याचा दीपवृक्ष, देवापुढे मांडलेल्या समक्षतेच्या भाकरी, वेदीवरचं कोकरू, सगळं कसं रंगीत आणि देखणं. आणि बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ज्याचा त्याचा अर्थ. दिवा म्हणजे ख्रिस्त, भाकर म्हणजे ख्रिस्त, कोकरू म्हणजे ख्रिस्त. आपल्या यहुद्यांच्या इस्रायली मशिदीत रोज दिव्याला तेल घालणाऱ्या बाबांच्या घरात हे! आईला कुठे वाचता येत होतं? मी तिला नुसती नावं वाचून दाखवली आणि अर्थ गिळून टाकले.

ती मात्र हरखली गं. बाबांच्या कीर्तनात मोशेचा मंडप तिनं जन्मभर ऐकला, पण मशिदीत बायकांच्या माडीवरून तिला दिसायचे ते फक्त पुरुषांचे खांदे. तक्ता पलंगासमोर लावायला लावला आणि येईल त्याला दाखवत सुटली. शेजारची गुणाबाई बघून म्हणाली, “सगला हाय, पन तुमचा देव कंचा? मना तं नाय दिसत.” आई म्हणाली, “पडद्यामागे आहे.” गुणाबाई म्हणाली, “मंग आमी बघाचा कसा?” आजारात आई एवढी हसली ती तेव्हाच.

संध्याकाळी बाबांनी तक्ता वाचला. आपली शिंपीकामाची मोठी कात्री घेतली आणि पट्टीवरचा एकेक अर्थ कापून काढला. चित्राला धक्का लागू दिला नाही गं, त्यांचा हात तुला माहीत आहे. आई डोळे मिटून पडली होती. शेवटी राहिला देव असतो त्या आतल्या परमपवित्रस्थानाचा पडदा. त्याचा अर्थ पट्टीवर नव्हता, पडद्यावरच छापला होता: ‘हा पडदा म्हणजे त्याचा देह.’ बाबांनी कात्री लावली आणि थांबले. मी म्हटलं, “शाई फासा वर.” तर माझ्यावरच उखडले, “पडद्यावर शाई?” मग हळूच म्हणाले, “त्यांच्या पुस्तकात ख्रिस्त मरतो तेव्हा हा पडदा फाटतो, मलके. माझ्या हातून नाही फाटायचा.” कात्री ठेवून दिली. तुझी तेवढी एक ओळ घरात राहिली.

आईनं ते ऐकलं होतं. परवा, बोलता येत होतं तोवर, तिनं बाबांनाच विचारलं, “काय हो लिहिलंय पडद्यावर?” मला वाटलं, टाळतील. त्यांनी चष्मा लावला आणि जसंच्या तसं वाचलं. आईनं पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “खरंच आहे की. देह म्हणजे पडदाच. माझा मेला सरकतच नाही.” बाबांनी वाद घातला नाही, रिबू. कीर्तनात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण तिचा हात धरून नुसता बसून राहिला. मला तर रडू आवरेना.

काल कबरस्तानातून आल्यावर बाबांनी शोकाला बसायच्या चटया काढल्या. एक स्वतःची, एक माझी, आणि मग तिसरी. एलिझरकाकांनी विचारलं, ही कुणाची? तुला ठाऊकच आहे, तू ख्रिस्ती मनोहररावांशी लग्न केलंस तेव्हा बाबा तुझ्या नावानं सात दिवस असेच जमिनीवर बसले होते. आई तेव्हा चुलीपुढे उठून गेली होती, जिवंत पोरीसाठी मी बसणार नाही म्हणून. हे तुला कधी कळवलं नव्हतं. काका म्हणाले, “अहो, तुमच्या लेखी ती मेली ना? मेलेलं माणूस शोकाला कसं बसेल?” बाबांनी चटईची सुरकुती हातानं सरळ केली. म्हणाले, “तिची आई गेलीय. रिबेका बसेल.” मग माझ्याकडे वळले, “तारेत हे कसं लिहायचं ते मला सुचलं नाही. तू लिही.” टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे ट्रकवाल्या बळीरामच्या हाती देतेय, तो उद्या तुमच्या नगरला निघालाय. त्याच्याच ट्रकनं परत ये. तुझ्या चटईवर कुणाला बसू देत नाहीत बाबा.

तुझीच,
मलकाताई