केळीच्या धाग्याची जाळी

रोनकभैया,

तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

मम्मीच्या पायाची जखम भरतेय. धुळ्याच्या डॉक्टरांनी जखमेवर एक जाळी लावली होती. नव्या कातडीच्या पेशी त्या जाळीच्या आधाराने वाढतात. जाळी गुरांच्या कातड्यापासून बनवलेली. पाय वाचावा म्हणून मी सही केली, आणि जैन धर्म पाळून कांदा-बटाट्यासारखं कंदमूळसुद्धा न शिवणाऱ्या मम्मीला सांगितलं, "आपल्या सावद्याच्या केळीच्या धाग्याची आहे."

आता जाळी विरघळून तिचीच कातडी झालीय. काढू म्हटलं तरी निघणार नाही.

आज पायावरून बोट फिरवत मम्मी म्हणाली, "केळी कंदापासूनच लावतात ना गं? मग कंदमूळ झालं की! उद्या डॉक्टरांनाच विचारते."

भैया, नुसत्या केळीच्या कंदाने तिची झोप उडालीय.

भेदरलेली,
आयुषी