घटामागचा धाकू

२३ सप्टेंबर, मंगळवार

घट कुठे बसवावा माणसाने? देवघरात. हॉलमध्ये. अगदीच नाही तर रिसेप्शनच्या टेबलावर! आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या मालकांनी, कुंडलिक सरांनी, काल बसवला सर्व्हर रूममध्ये. ईशान्य कोपरा म्हणे अख्ख्या स्टुडिओत तेवढाच. "आपली लक्ष्मी तिथेच राहते ना, शुभा?" — हे वर मलाच विचारतात!

आणि कोपरा कुठला, तर नेमका रॅकच्या पाठीमागचा. पाट, परडी, माती, कलश, नारळ, बाजूला अखंड दिवा. सगळं रॅकमधल्या धाकू मशीनच्या पाठीला खेटून. आता दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही आणि सरांशिवाय तिकडे कोणी फिरकायचं नाही. ते बरोबरच आहे. आमच्याकडेही घट असतो, मी काही नास्तिक नाही. पण दिवा विझू नये म्हणून यांनी एसीचं तोंडच फिरवून ठेवलं होतं! मशीनं तापून लाल. मरोळ नाक्यावरून काचेची चिमणी आणून दिव्यावर ठेवली, तेव्हा कुठे एसी सरळ झाला. देवीही खूश, मशीनंही खूश. डोकं माझं गरम.

२४ सप्टेंबर, बुधवार

वाट लागली. अण्णांची दुसरी डिस्क गेली.

अण्णा म्हणजे आमचं मेन स्टोरेज — जुनं, कुरकुरं, सगळा स्टुडिओ त्याच्याच जिवावर. धाकू म्हणजे जूनमध्ये आणलेला बॅकअपचा डबा. नावं सिद्धेशने ठेवलीत. तो आणि मी, एवढंच आमचं आयटी डिपार्टमेंट. दोन डिस्क गेल्या तरी अण्णा तग धरतात. तिसरी गेली की संपलं. तसल्या डिस्क आता कंपनी बनवतच नाही. जुन्या बाजारातून मागवल्यात, येतील दिवाळीच्या सुमारास.

आणि अण्णांच्या पोटात मीराची फिल्म आहे. चार वर्षं काढतेय बाई. मुलुंडच्या मिठागरातल्या एका मुलीची गोष्ट, प्रत्येक चित्र हाताने काढलेलं. तिच्या वडिलांनी तिथेच मीठ ओढलंय. ऑक्टोबरअखेर फिल्म द्यायची आहे. दुसरी कॉपी? गणपतीनंतर धाकूवर चढवायला घेतली, पण मुंगीच्या पावलांनी चाललीय. अजून निम्मीही झालेली नाही.

मीराने कँटीनमध्ये विचारलं, "शुभा, माझं सगळं सेफ आहे ना गं?" मी म्हटलं, "हो गं बाई, खा तू." आणि माझं ताट तसंच बाजूला सरकवलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

विचार केला दिवसभर. मुंगी कशामुळे? दारामुळे! धाकूला दोन दारं. एक हळू — चालू आहे ते. कॉपी त्यातूनच, मी आत जाते तीही त्यातूनच. दुसरं जलद. त्याला जूनमध्येच वायर लावून ठेवली, पण दार बंद, कारण तेवढा वेग पेलणारा नेटवर्कचा स्विचच नव्हता. तो गेल्या आठवड्यात आला! जलद दार उघडलं तर महिन्याचं काम दीड दिवसात.

मग अडलंय कुठे? धाकूला बाहेर पडायचा रस्ता एकाच दारातून ठेवता येतो. नवं उघडायचं तर त्याच क्षणी जुनं बंद. आणि मी आत असणार जुन्या दारातून! ज्या फांदीवर बसलेय तीच तोडायची. नव्या दाराच्या नेटवर्क-पत्त्यातला एक आकडा चुकला की धाकू आत, मी बाहेर. मग पाठीमागे जाऊन स्क्रीन जोडण्यावाचून इलाज नाही. आणि पाठीमागे घट!

सिद्धेश म्हणतो, "दसऱ्यानंतर कर ना यार. एवढी काय घाई?"

"अण्णा थांबणार आहेत का दसऱ्यापर्यंत? विचारून ये जा."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सिद्धेश खरंच गेला! अण्णांना विचारायला नाही — चपला काढून, पोट आत घेऊन, रॅक आणि भिंतीच्या मधून धाकूच्या पाठीला स्क्रीन लावता येते का ते बघायला. अर्ध्यात अडकला. तेवढ्यात कुंडलिक सर पाणी घालायला आले. नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाही — माणूस मांजरासारखा येतो, आवाजच नाही. "कुठे चाललास रे?" सिद्धेश म्हणे, "दर्शनाला, सर." पाठीमागून?! मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिले. सरांनी त्याला वेफर्सचा प्रसाद दिला आणि बाहेर काढलं.

एक कळलं. तिथे हात जाईल, माणूस जाईल न जाईल, स्क्रीन तर नाहीच जात. म्हणजे जे करायचं ते इथून, कीबोर्डवरून.

आणि सुचलं! घड्याळ लावायचं. बदल करायच्या आधी धाकूला सांगून ठेवायचं — दहा मिनिटांत मी नव्या दारातून येऊन 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर मी बाहेर राहिले असं समज आणि सगळं होतं तसं कर. मी चुकले तरी धाकू स्वतःच जुनं दार उघडणार. काय डोकं आहे माझं! कोणी कौतुक करणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२७ सप्टेंबर, शनिवार

केलं. चालणारी कॉपी थांबवली, घड्याळ लावलं, पत्ता तीनदा तपासला, सिद्धेशकडून चौथ्यांदा वाचून घेतला. एंटर.

काळोख. नव्या दारावर टकटक — कोणी नाही. जुन्यावर — कोणी नाही. धाकू गायब! पत्ता बरोबर, स्विच बरोबर, मग मेलं काय चुकलं? सिद्धेश घड्याळ बघत "येईल गं, येईल" म्हणत बसलेला, जसं काही पाहुण्यांची गाडी लेट आहे. मी मनातल्या मनात त्या घटाला हात जोडले. हो, जोडले! ज्याच्या नावाने आठवडाभर खडे फोडले त्यालाच.

आणि आला! जुन्या दारातून, जसाच्या तसा. माझं घड्याळ चाललं! मी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. बाजूच्या खोलीतली माणसं बघायला आली. त्यांना काय सांगणार — काहीच बदललं नाही म्हणून ओरडतेय?

कॉपी पुन्हा मुंगीच्या वाटेला लावली. नंतर धाकूने लिहून ठेवलेली नोंद वाचली. म्हणतो, जलद दार उघडलं होतं, पण त्याला वायरच नाही. वायर नाही?! जूनमध्ये मी माझ्या हाताने लावलीय!

२८ सप्टेंबर, रविवार

आईने घावणे केले. खाल्ले. वायर, वायर, वायर. आई म्हणाली, "ताटात बघ गो, भिंतीकडे काय बघतंस?"

२९ सप्टेंबर, सोमवार

सापडली!

सकाळी सर घटाला पाणी घालून बाहेर आले, तसं मी त्यांना दारातच गाठलं. "सर, खरं सांगा. पाठीमागची वायर कोणी काढली?"

सरांनी आधी दार ओढून घेतलं. मग एकदम मालवणीत गेले — म्हणजे पकडले गेले. "माका काय म्हायत गो? लाईट नाय, काय नाय, नुसती लटाकत होती. दिव्याक लागली असती म्हणान काढून बांधून ठेवलंय."

बांधून कशाने? पूजेच्या लाल नाड्याने! नीट गुंडाळी करून, वर गाठ मारून, कलशाच्या बाजूला! हळदकुंकू वाहिलेलं! रोज दोनदा माझ्या वायरची पूजा होतेय आणि मी तिला जगभर शोधतेय!

आधी राग आला. खूप आला. मालक म्हणून गिळला. मग सांगितलं त्यांना सगळं, अण्णांच्या तिसऱ्या डिस्कपासून मीराच्या मिठागरापर्यंत. सरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "तू हे मला बुधवारीच का नाही सांगितलंस?" म्हणाले. म्हटलं, घाबरले होते मी, एवढंच.

"चल. तू सांग, मी लावतो."

गेले आत. अनवाणी, उपाशी, झब्बा सावरत. घट त्यांचा, त्यामुळे हात घालायचा हक्कही त्यांचा. मी रॅकच्या पुढून ओरडतेय — "वरून दुसरं, सर! चपटं तोंड! खटकन आवाज आला पाहिजे!" पाठीमागून "ह्यां? की ह्यां?" कोपर नारळाला लागता लागता राहिलं. मग खट! एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. सर घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "नाडा सोडला नाही हं मी. असू दे."

असू दे! लाल नाडा बांधलेली नेटवर्कची वायर सगळ्या अंधेरीत आमच्याकडेच असेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस!!

सकाळी पुन्हा घड्याळ, पुन्हा एंटर. टकटक — आणि धाकूने नव्या दारातून 'ओ' दिली! पहिल्या हाकेला! कॉपी सुरू केली. आकडे बघवेनात इतके पळायला लागले. मी उठून उभी राहिले. सिद्धेशला मिठी मारली, तो लाजला. झकास! झकास! चहा सांगितला, भजी सांगितली. मीराला ओढत आणलं, "बघ, बघ तुझी मुलगी कशी धावतेय!" तिला आकडे कळले नाहीत, पण हसली.

भजी आली, तोंडात टाकली, आणि पडद्यावरचे आकडे थांबले. धाकू गायब. नवं दार बंद!

सिद्धेश भज्यासकट ओरडला, "शुभे! तू 'ठीक आहे' म्हणालीस का?"

नाही म्हणाले! आनंदाच्या भरात म्हणायचं राहूनच गेलं! दहा मिनिटं झाली, धाकूला वाटलं ताई बाहेर राहिल्या, आणि त्याने इमानदारीत सगळं पूर्वीसारखं करून ठेवलं. माझीच अक्कल, माझ्याच मुळावर. मीराचा चेहरा उतरला. "गेलं का गं काही?" "काही गेलं नाही. मी गाढव आहे, एवढंच." सिद्धेशने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आता वर्षभर ऐकवणार मेला.

तिसऱ्यांदा. घड्याळ. एंटर. टकटक. आला. आणि या वेळी सगळ्यात आधी — भजी बाजूला, हात पुसून — 'ठीक आहे'. घड्याळ बंद. धाकूचं नवं दार कायमचं!

कॉपी धावतेय. अण्णा, तुमच्या पाया पडते, उद्यापर्यंत दम धरा.

१ ऑक्टोबर, बुधवार

झाली! पूर्ण! संध्याकाळी, घरी निघायच्या आधी. एकूण एक चित्र. मीराला तिच्या खुर्चीवर बसवून थेट धाकूमधून उघडून दाखवलं. तिने आपणहून पहिलंच चित्र उघडलं. बाप पाठमोरा, खांद्यावर फावडं, मागे पांढरं मिठागर. बघत बसली. मग म्हणाली, "बाबा परत काढता आले असते गं मला. पण असे नसते आले."

मी उगाच टेबलाखालची वायर बघायला वाकले. डोळे भरून आले होते, आणि सिद्धेश बघत होता.

आता अण्णांवर काहीही बदललं की धाकूकडे लगेच पोचतं, तीही सोय करून टाकली. करायचं तर पुरतं करायचं!

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सुट्टी असून सगळे पूजेला आले. घट उठला. सरांनी परडीत उगवलेल्या धान्याचं पहिलं रुजवण मला दिलं. मला! "केसात माळ गो, मान तुझा." हिरवंगार, बोटभर वाढलेलं. धाकूच्या पाठीच्या गरम हवेत वाढलं ना, का नाही वाढणार!

मशीनांची पूजा झाली. झेंडूचा मोठा हार दरवर्षीप्रमाणे अण्णांना. मी म्हटलं, "सर, या वर्षी धाकूला घाला, काम त्याने केलंय." सर म्हणाले, "थोरल्याचा मान थोरल्याला. धाकट्याने काम करावं." सिद्धेशने धाकूला आपट्याचं एक पान चिकटवलं. मी प्रसाद वाटायला घेतला. पण राग आला, आलाच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काही नाही. झोपले. किती दिवसांनी!

६ ऑक्टोबर, सोमवार

अण्णा गेले. सकाळी, सगळे आपापल्या जागेवर बसत असतानाच. तिसरी डिस्क. मी सगळ्यांना धाकूकडे वळवलं आणि राहिलेला चहा प्यायले. मीरा पळत आली, चेहरा पांढराफटक. म्हटलं, जाऊन उघडून बघ. पाचच मिनिटांनी तिच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली — चित्र काढताना वाजवते ती. सिद्धेश सर्व्हर रूममध्ये अण्णांचा सुकलेला हार काढायला निघाला. "असू दे रे," म्हटलं. "आता शोभतोय."