ताकातली भुईआवळी

छाया,

फ्रिजमधलं तांब्यातलं ताक ज्ञानेशला देऊ नकोस. तुझा फोन घरीच चार्जिंगला आहे, म्हणून लिहिते.

१९७९ साली तुझ्या सासऱ्यांना कावीळ झाली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी विंचूरच्या मळ्यातली भुईआवळी वाटून ताकातून दिली आणि ते बरे झाले. ज्ञानेशच्या लिव्हरच्या दुखण्यावर गेले आठ दिवस मी त्याला तिथलीच आणून देत होते, तुला न सांगता. डॉक्टर म्हणाले होते, "आजी, भुईआवळीतल्या, हळदीतल्या द्रव्यांनी लिव्हर घट्ट होणं कदाचित थांबेल. संशोधन चालू आहे. पण मनाने काही देऊ नका." मी तेवढं 'थांबेल' धरून बसले.

आत्ता मळा बघणाऱ्या भिमाजी भाऊजींचा विंचूरहून फोन आला. "वहिनी, पाला द्राक्षाच्या बांधावरचा नेला का? अहो, तिथं सारखा फवारा असतो आमचा! लय जहाल हाय ते." सासूबाईंच्या वेळी तिथे बाजरी होती गं. आता द्राक्षं आहेत, हे डोळ्यांनी बघूनही मला सुचलं नाही.

फवाऱ्यांची नावं लिहून घेतली आहेत. उरलेला पाला घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे जाते. झोपलेल्या ज्ञानेशला उठवून हे सांगायचं धाडस झालं नाही. तू आलीस की त्याला उठव, काही खायला न देता लगेच तिकडे घेऊन ये.

सासूबाई नव्वदी गाठून गेल्या. तुझे सासरे त्या काविळीनंतर चाळीस वर्षं जगले. ज्ञानेश तेव्हा माझ्या पोटात होता. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी त्याला आण.

आई