सोळा रंगांचं कार्ड

सोमवार, ९ जानेवारी १९८९
समोरच्या गल्लीतल्या दुकानात रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला. दुपारी माझ्याकडे खेळायला येणारी पोरं तिकडे काचेला नाक लावून उभी होती. हाक मारली तर एकानं सांगितलं, "तुमच्या इथं सगळं काळं-पांढरं हाय ना काका."
सदर बाजारात दुकान टाकून वर्षही झालं नाही. एक कॉम्प्युटर, त्यावर गेम, बाहेर बाकडं. ते बाकडं आज रिकामं. बायकोला, चंद्रकलेला, सातवा महिना लागला आहे. असं बसून चालायचं नाही. कॉम्प्युटरात रंग दाखवणारं कार्ड टाकावंच लागेल.

गुरुवार, १२ जानेवारी
सुटे भाग विकणारा भैय्याजी भला माणूस. रंगीत मॉनिटर दिला आणि दोन कार्डं दिली — एक चार रंगांचं, एक सोळा रंगांचं. म्हणाला, "दोन्ही लावून पाय. पण माझं आयकशील तर चारचं ठेव गा गिरिधर. त्याच्यावर सगळे गेम चालते. सोळाचे गेम बंबईहून येतीन तवा येतीन."
समोरच्यानं चारचंच लावलंय. मग मीही चारच लावायचं? आणि सोळा लावलं आणि गेम आलेच नाहीत तर?

शनिवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटला. डोक्यात चार की सोळा, चार की सोळा.

सोमवार, १६ जानेवारी
सोळाचं बसवलं. आभाळ निळं, माती तांबूस, झाडं — काय सांगू!
रुपरावला बोलावलं. हा माझा धाकटा भाऊ गेममध्ये कुणाला ऐकत नाही. त्याला जमलं म्हणजे गिऱ्हाइकांना जमलं. आता तर त्याचा भाव वाढलाय — रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास, ६ फेब्रुवारीला मेडिकल. मायनं अख्ख्या तांडापेठेत सांगून टाकलंय.
भैय्याजीनं दिलेला, दोन्ही कार्डांवर चालणारा हेलिकॉप्टरचा गेम लावला. लाल रणगाडे शत्रूचे, हिरवे आपले. आकार सारखाच, फरक रंगाचा. रुपरावनं पहिल्या फटक्यात आपलेच उडवले. पुन्हा तेच. चिडून उठला. "कार्ड खराब दिसते दादा. लाल उतरलाच नाही त्याच्यात."
मला तर लालभडक दिसत होता. पण त्याची नजर माझ्यापेक्षा तेज. कार्डातच काही असेल.

मंगळवार, १७ जानेवारी
चारचं लावलं. तेच झालं. रुपराव म्हणतो, "चार अन् सोळात काई फरक नाई. भैय्याजीनं दोन्ही सारखेच देले तुले."
दोन्ही खराब कशी असतील?

गुरुवार, १९ जानेवारी
भैय्याजीला दुकानात घेऊन आलो. त्यानं पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मस्त चालून राह्यलं ना बाप्पा. तुले काय दिसून नाई राह्यलं?"
मी हसून वेळ मारून नेली. तो गेल्यावर खुर्चीत बसलो तो बसलोच. कार्डात काही नाही.

शुक्रवार, २० जानेवारी
रुपरावला लाल-हिरवं कळत नाही. आणि तो इंजिनवर जाणार.

रविवार, २२ जानेवारी
पण हे शक्य कसं आहे? माय मागावर बसायची तेव्हा रंगीत सुताच्या कांड्या हाच हातात द्यायचा. दोन किरमिजी रंगांतला फरक मायला उजेडात धरून पाहावा लागे, याला सावलीत कळे. जन्माचा दोष असता तर तेव्हाच दिसला असता.
सकाळी चंद्रकला झबलं शिवत होती. सहज म्हणाली, "भाऊजी, लाल रीळ द्या जरा." त्यानं डबा चाळवला आणि तपकिरी दिलं. तिनं तेच सुईत ओवलं. तो सावनेरला मित्राकडे जातो म्हणून निघाला, हल्ली वरचेवर जातो. मग ती मला म्हणाली, "तुम्ही विचारा त्यांना. मी विचारलं तर बरं दिसणार नाही."
तिलाही कळलं म्हणजे.

मंगळवार, २४ जानेवारी
शटर अर्धं ओढून विचारलं. आधी नाही-नाही म्हणाला. मग कबूल झाला.
"कवापासून?"
"झाले थोडे दिवस. लाल फिक्कं-फिक्कं वाटते."
"मंग बोलला काहून नाई? चाल, डोळ्याच्या डॉक्टरकडे."
"मेडिकल होऊ दे ना दादा. तिथं ठिपक्याठिपक्याचे आकडे दाखवते. त्याचं पुस्तक भेटते. कोन्त्या पानावर कोन्ता आकडा, तेवढं माह्याकडून पाठ करून घे. मंग जाऊ डॉक्टरकडे."
मी शटर वर ढकललं.
"माय सगळ्याइले सांगून बसली दादा."

बुधवार, २५ जानेवारी
पाठ करून घेणं अवघड नाही. एकदा नोकरीला चिकटला की पुढचं पुढे पाहता येईल. रोज थोडीच गाड्या आदळतात? — असलं सगळं मनात येऊन गेलं. मलाच माझी भीती वाटली.
दुकान लवकर बंद केलं, स्टेशनजवळच्या पुलावर जाऊन थांबलो. एक पॅसेंजर सिग्नलला अडली होती. खिडकीत एक बाई लेकराला संत्र्याची फोड सोलून भरवत होती. सिग्नल पडला, गाडी हलली.
घरी आलो आणि त्याला सांगितलं, "मी पाठ करून घेनार नाई. अन् दुसऱ्या कोनी करून देलं तर मीच जाऊन सांगीन."
ताट तसंच ठेवून उठला. माय विचारते, काय झालं रे दोघाइले? काय सांगू?

शुक्रवार, २७ जानेवारी
रुपराव बोलत नाही. दुकानात पोरं विचारतात, काका, कोणतं कार्ड ठेवणार? कोणतंही ठेवा बाबा.

शनिवार, २८ जानेवारी
दुपारी आपणहून दुकानात आला. शर्ट इस्त्रीचा. म्हणाला, "चाल."
धंतोलीत डोळ्यांचे डॉक्टर आहेत, तिथं गेलो. वयस्कर, शांत गृहस्थ. बराच वेळ तपासलं. ठिपक्यांची पानंही दाखवली — रुपराव पानं उलटत राहिला, आकडा एखादाच सांगता आला.
डॉक्टरांनी विजेरी खाली ठेवली. "हे जन्मापासूनचं नाही. कसलं औषध चालू आहे का?"
मी म्हणालो, "नाही डॉक्टरसाहेब, याला कधी पडसंही—"
"दादा," रुपराव म्हणाला, "तू जरासा बाहेर बस."
दार लागलं. औषध? कसलं औषध? पुढचं आज लिहवत नाही.

रविवार, २९ जानेवारी
रुपरावला टीबी आहे. दिवाळीच्या आधीपासून. सावनेरच्या दवाखान्यातून गोळ्या आणायचा, म्हणजे इथं कुणाला कळू नये आणि रेल्वेची वाट बंद होऊ नये. नजरेत फरक पडला तर त्याच दिवशी या, असं त्या लोकांनी त्याला बजावलं होतं. तो गेला नाही. गोळ्यांतली एक डोळ्यांवर उतरली होती. डॉक्टरांनी ती कालच बंद करायला लावली, उद्या सावनेरला जाऊन बाकीची औषधं बदलून घ्यायची. म्हणाले, रंग बहुतेक परत येतील, पण महिने लागतील. आणखी थोडं थांबला असता तर अक्षरही दिसलं नसतं.
काल डॉक्टरांकडून निघून रिक्षात बसलो तेव्हा तो म्हणाला, "मायले मी सांगतो दादा. तू फक्त माह्याजवळ बस."